बसते, खात नाही

निखत,

फोनवर तू मला बजावलंस, "माह्यावर लिहाचंच असंल त खरं लिही. मेल्यावर लिहितेत तसं गोड-गोड नको." बरं. मग खरं वाचायची तयारी ठेव. तुझा खुला मी लिहिणार आहे, तुझी जीभ लिहिणार आहे आणि चांदूरचा तुझा घोटाळाही लिहिणार आहे. छापायच्या आधी दाखव म्हणशील, दाखवणार नाही. कॉलेजच्या जर्नलमध्ये तू माझ्या आकृत्यांना पेन्सिलीने मिशा काढायचीस, तेव्हापासून माझं लिखाण मी तुझ्या हातात देत नाही. त्या पाटीचा विषय शेवटी काढणार आहे, तोंड वाकडं केलंस तरी.

आता जरा गप्प बस. मला लोकांशी बोलू दे.

तर पातूरच्या अब्दुल रहीम बागवानांची ही मुलगी. घरचा धंदा आंब्याच्या मक्त्याचा. माघात मोहोर आला की झाडाखाली उभं राहायचं, मान वर करून अंदाज घ्यायचा आणि अख्ख्या झाडाचं फळ आधीच बोलून ठेवायचं. मग उन्हाळाभर वानरं, वादळ आणि चोर यांच्याशी आपण भांडायचं. गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाला आमच्याकडे नाव असतं. खोबऱ्या, शेंदऱ्या, गोटी. टेकडीच्या पायथ्याच्या गावात गावचे पुढारी खुशालराव यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक शेप्या होता. त्याच्या आंब्याला शेपूच्या भाजीचा वास. ज्याला आवडतो त्याला दुसरा आंबा चालत नाही, ज्याला आवडत नाही तो टोपलीजवळही थांबत नाही.

निखत परकरात होती तेव्हापासून बापाबरोबर या शेप्यावर चढायची. त्याच्या दुबेळक्यांत, फांद्यांच्या बेचक्यांत, एक वनस्पती बसलेली असायची. जाड, ताठ, दोन्ही बाजूंना पंख्यासारखी पानं, आणि हवेत लोंबणाऱ्या पांढुरक्या मुळ्या. उन्हाळ्यात तिला फुलं यायची, पिवळट तपकिरी, जाळी विणल्यासारख्या रेषांची, मध्ये निळसर जांभळी जीभ. पोरगी ओरबाडायला गेली की अब्दुल रहीम खालून ओरडायचे, "उसकू हात नको लगा, मेहमान है." मेहमान म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कुणी ओरबाडत नाही, एवढंच तिला कळलं.

पुढे ती अमरावतीला बी.एस्सी.ला आली तेव्हा त्या मेहमानाचं इंग्रजी नाव कळलं. ऑर्किड. मराठीत आमरी. होस्टेलमध्ये सगळ्या पोरी खिडकीत गुलाब लावायच्या, निखतच्या खिडकीत कोळसे आणि विटांचे तुकडे भरलेला डबा टांगलेला असायचा. मेट्रनबाई रोज त्याला माती घालायच्या. बाईंना दया यायची. निखत रोज माती काढायची.

लग्न बऱ्हाणपूरला झालं. काही वर्षांनी ती परत आली. लोक म्हणाले सोडली. ते चूक आहे. तिने स्वतः काझीसमोर जाऊन खुला, म्हणजे बायकोने मागायची फारकत, मागितला आणि घेतला. कारण विचारलं तर सांगायची, "मले त्या घरी श्वास घेता येत नव्हता, अन् त्यायले मी घेतलेला दिसत नव्हता." यापलीकडे एक अक्षर नाही. भाऊ मोईजने मागची पत्र्याची खोली दिली. तिने तिथे आपली चूल मांडली आणि वडलांच्या मागे आंब्याचे मक्ते स्वतः घ्यायला लागली. दिवाळीनंतर संत्री, उन्हाळ्यात आंबे. पायात मोईजचे जुने तपकिरी बूट, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली, आणि पन्नाशीतही झाडावर. भावाच्या घरात राहायची, भावाच्या ताटात जेवायची नाही.

पण माघारी आलेल्या लेकीसाठी आपल्याकडे एक शब्द तयारच असतो. बांडगूळ. झाडावर वाढतं, झाडाचाच रस पितं आणि झाडालाच मारतं. लग्नकार्यात, पाणवठ्यावर, कधी हसत, कधी मागून, हा शब्द तिने इतक्यांदा ऐकला होता की तिला तो आपलं आडनाव वाटायला हवा होता. तिला तो तसा वाटला नाही. राग मात्र साठत होता.

दोन हजार सहाच्या जानेवारीत तो बाहेर आला.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. रोज एका गावात धुरळा उडवत गाड्या यायच्या, पाहणी व्हायची, फोटो निघायचे. कॉलेजांनाही वाटायला लागलं की आपण काहीतरी केलं पाहिजे. अकोल्याच्या एका कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर टेकडीच्या गावात आलं. शिबिर म्हणजे सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण आणि संध्याकाळी बौद्धिक, म्हणजे बाहेरच्या पाहुण्याचं भाषण. पोरं सकाळी जागी असतात आणि संध्याकाळी झोपतात. शिबिराचे प्रमुख प्राध्यापक धर्मपाल, रसायनशास्त्राचे. भला माणूस, झाडांशी संबंध कागदाच्या लगद्यापुरता. खुशालरावांनी त्यांना काम सुचवलं: बांडगूळमुक्त आमराई.

काम चांगलंच होतं. बांडगुळाने आमचे किती आंबे वाळवले त्याला मोजदाद नाही. पोरं कोयते आणि आकडी लावलेले बांबू घेऊन झाडावर चढली.

निखत मोहोर पाहायला आली ती नेमकी त्याच दिवशी दुपारी. शेप्याखाली ढीग पडला होता. बांडगुळाच्या नारिंगी फुलांच्या फांद्या, आणि त्यांच्यात मिसळलेले मेहमान. पानं चिरडलेली, मुळ्या सालीसकट ओरबाडलेल्या. जानेवारीत त्यांना फूल नसतं. नुसतं हिरवं, झाडावर वाढलेलं काहीतरी. पोरांनी मन लावून काम केलं होतं. तेच वाईट झालं.

एक पोरगी अभिमानाने म्हणाली, "काकू, हे जाड पानाचं बांडगूळ लय उंचावर बसते. हात पोचेच ना. याच्यासाठी वेगळे पोरं चढवले आमी."

निखत ढिगाशेजारी बसली आणि निवडायला लागली. एका बाजूला बांडगूळ, एका बाजूला आमरी. धर्मपाल सर आले, चष्मा पुसत.

"काय करून राहिल्या बाई?"

"तांदूळ निवडून राहिली. तुमच्या पोरायनं खड्यासंगं तांदूळबी फेकले."

तिने समजावलं. सर खजील झाले, कारण ते भले होते, पण लगेच म्हणाले की शेकोटीला हाच ढीग लावायचा ठरला आहे, आणि शेप्याचं वरचं दुबेळकं उद्या साफ करायचं आहे. कार्यक्रम छापून झाला होता. वरच्या दुबेळक्यात त्या झाडावरची सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी आमरी होती. तिच्याच फुलांच्या बिया खालच्या फांद्यांवर पोचल्या असणार. निखतला वाटलं, हिला काढली की या टेकडीवरून हे नाव संपलं.

तेवढ्यात खुशालराव आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"झाड माहं हाय, निखतबाई. माह्या झाडावरचं काय ठेवाचं, काय काढाचं, मले समजते."

"समजते त हे काय हाय, सांगा."

"बांडगूळ. अजून काय."

निखत उठली, हात झटकले आणि सरांना विचारलं, "आज बौद्धिकाले कोन हाय?"

कृषी खात्याचे एक साहेब येणार होते. ते येणार नाहीत असा निरोप आला होता.

"मग मी येते."

"विषय काय सांगू?"

"बांडगूळ," ती म्हणाली.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात एक दिवा, समोर सतरंजीवर पोरंपोरी, मागे गाव. खुर्चीवर खुशालराव, शेकोटीसाठी रचलेला ढीग बाजूला. स्वयंपाकाला लावलेली गंगूबाई परातीत कणीक मळत दाराशी बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा निखत माणसांसमोर उभी राहिली, आणि पाच मिनिटांत कळलं की तिला दुसरं काही करायला नकोच होतं.

"आजचे पाहुणे आले नाईत," तिने सुरुवात केली, "म्हणून ह्या पाहुण्याबद्दल सांगते." तिने आमरीचं एक रोप वर धरलं. "याले जगभरात ऑर्किड म्हणतेत. हे नाव कशावरून पडलं ते जुन्या ग्रीक लोकायले विचारा. त्यायनं जमिनीखाली याच्या एका जातीचे दोन गोल गड्डे पाह्यले, अन् त्यायले जे आठवलं ते नाव ठेवलं. काय आठवलं ते मी सांगत नाई. मागच्या रांगेतल्या पोरायले समजलेलं दिसते."

मागची रांग हसून लोळली. पोरी ओढणीत हसल्या. झोपलेले दोघे उठले.

"म्हणूनच मोठमोठे पैलवान अत्तारच्या दुकानात सालममिश्री मागतेत. तेबी याच खानदानातलं. ताकद येते म्हणे. मी आजवर पाह्यलं, दुकानदारालेच येते." मग तिने विलायतेतल्या साहेबांचं सांगितलं. त्यांना या फुलांचं इतकं वेड लागलं की रोपं काढायला त्यांनी जंगलंच्या जंगलं आडवी केली आणि बोटीत भरलेली अर्धी रोपं वाटेतच कुजली. "म्हणजे प्रेमानं मारलं काय अन् कोयत्यानं मारलं काय, रोपाले सारखंच." आणि जपायचं कसं तेही सांगितलं. माती नको, कोळसा चालतो, वीट चालते, झाडाची साल सगळ्यात बरी. "काळ्या मातीत वाढलेल्या मानसाले हे पटत नाई. जे मातीत नाई ते जगनार कसं? अमरावतीले आमची मेट्रनबाई रोज माती घाले. मायेनं पुरून टाकत होती."

इथे खुशालराव उठले.

"सर, माफ करा. इथं आठवड्याले एक मानूस जाऊन राहिला. कापसाले भाव नाई, घराघरात सुतक. अन् या बाई फुलाचं भाषण देऊन राहिल्या. थोडी तरी शरम?"

असं वाक्य पडलं की पुढे बोलायला कुणाची छाती होत नसे त्या दिवसांत. निखतचीही झाली नाही, हे ती कबूल करते. बोलली ती गंगूबाई, कणकेतला हात तसाच ठेवून.

"खुशालभाऊ, गेलेला मानूस माह्या घरचा हाय. तुमच्या नाई."

गंगूबाईने परात बाजूला सारली.

"दोन वर्सं झाले. जो येते तो मले दाराशी उभी करते, पदर नीट घे म्हणते, फोटो काढते, जाते. कोनी मले काई दाखवाले आलं नाई. आज हे बाई दाखवून राहिली, त पाहू द्या. तुमाले सुतक पाळाचं असंल त घरी जाऊन पाळा."

खुशालराव बसले नाहीत. गंगूबाईला सोडून त्यांनी निखतकडे तोंड वळवलं आणि जे इतकी वर्षं लोक मागून म्हणत होते ते समोरून म्हणाले.

"बराबर हाय. भावाच्या घरी बांडगूळ होऊन बसनाऱ्या बाईनंच बांडगुळाची वकिली करावी."

आपाला, थोरल्या बहिणीला, न्यायला आलेला मोईज गर्दीच्या कडेला उभा होता. खुशालरावांनी त्यालाच साक्षीला बोलावलं. "काय मोईज? खोटं बोललो का मी?"

मोईज मुळातच कमी बोलणारा. त्याने मानेमागे खाजवलं. "मेरे घर में चूल्हे दो हैं, खुशालरावजी. दुसरा उसका है." आणि थोडं थांबून, "सालन बी उधर का अच्छा बनता. मैं उधर जाके खाता."

हशा असा उठला की दिवा हलला. पण निखत हसली नाही. तिने ढिगातून बांडगुळाची एक फांदी उचलली, आंब्याच्या लाकडासकट तुटलेली, आणि मघाच्या पोरीला पुढे बोलावलं. "हे आंब्यापासून सोडवून दाखव." पोरीने ओढलं, पिळलं. निघेना. बांडगूळ आंब्याच्या लाकडात गाठ करून घुसलं होतं, कुठे झाड संपतं आणि कुठे ते सुरू होतं ते दिसत नव्हतं. "आता हे सोडव." आमरीची मुळी सालीच्या तुकड्यावरून पोरीने नखाने उचलली. अलगद सुटली. खाली साल कोरडी, अखंड.

"पाह्यलं? ते घुसते अन् पिते. हे नुसतं बसते. पानी पावसाचं, खानं हवेतल्या धुरळ्याचं अन् सडल्या पानाचं. झाडाचा एक घोट घेत नाई. बसते, खात नाई." मग ती खुशालरावांकडे वळली. "अन् याच्या नावाची गंमत ऐका. पुस्तकात याले वांडा म्हणतेत. बंगालातल्या एका इंग्रज न्यायाधीशानं आपल्याच संस्कृतातून उचललेलं नाव, वंदा. वंदा म्हणजे बांडगूळ. म्हणजे आपल्याच जुन्या लोकायनं न पाहता ठेवलेलं नाव घेऊन हे साऱ्या जगात फिरून राहिलं. नाव बदला म्हनून कोनाच्या पाया पडलं नाई. दर वर्षी फुलते. मीबी पडनार नाई. तुमाले जे म्हनाचं ते म्हना, खुशालराव, फक्त आधी मुळी उचलून पाहत जा."

टाळ्या पडल्या. गोष्ट इथे संपवायला सोपी होती. पण खुशालराव हरले नाहीत, कारण झाड त्यांचं होतं.

"यंदा शेप्याचा मक्ता तुले नाई," ते जाता जाता म्हणाले. "अन् सकाळी वरचं साफ होनार." आणि मक्ता खरंच दुसऱ्याला गेला, पुढेही कधी मिळाला नाही. बापाच्या काळापासूनचं झाड होतं. तिला लागलं. ती अजूनही तो आंबा बाजारात दिसला की वासावरून ओळखते आणि पुढे निघून जाते.

त्या संध्याकाळी मात्र ढीग पेटला नाही. धर्मपाल सरांनी शेकोटीला पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काड्या, आणवल्या. सरांची हिंमत तेवढीच होती. शिबिराचा मुक्काम खुशालरावांच्या गोठ्याशेजारी, धान्य त्यांच्या घरचं. शेप्यावरचं काम थांबवा असं ते म्हणू शकले नाहीत. काढलेली रोपं आता बांधायची कुठे, हाही प्रश्नच होता. गावातली सगळी मोठी झाडं खुशालरावांची नाही तर त्यांच्या भावकीची.

"माह्या धुऱ्यावर शेंदऱ्या हाय," गंगूबाई म्हणाली. "तिथं बांधा. माह्या झाडाले कोन काय म्हनते ते पाहते."

सकाळी अर्धी पोरं शेंदऱ्यावर चढली. गंगूबाईने जुनं सुती लुगडं फाडून चिंध्या दिल्या. नायलॉनची दोरी मुळीला कापते, सुती चिंधी मुळी पकडेपर्यंत टिकते आणि मग आपोआप कुजून गळून पडते. "चला," चिंध्या फाडत गंगूबाई म्हणाली, "कापूस एवढ्या तरी कामाले आला."

उरलेली अर्धी पोरं खुशालरावांच्या देखरेखीत शेप्यावर चढली. बराच वेळ पानांत खुडबुड झाली, मग एक एक करून खाली उतरली. "वर पोचत नाई, भाऊ. फांदी पोकळ हाय. मोडंल." खुशालरावांनी मान वर करून पाहिलं. स्वतः चढणं या वयात शक्य नव्हतं आणि दोन पेनांसकट तर नाहीच. वरची आमरी जागेवर राहिली. फांदी पोकळ नव्हती. निखत तिच्यावर आयुष्यभर बसत आली होती.

पुढच्या पावसाळ्यात शेंदऱ्यावर मुळ्यांनी साल धरली. निम्मी रोपं गेली, निम्मी राहिली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली. गंगूबाईने मोईजकरवी निरोप पाठवला: "तुहे पाहुणे हसून राहिले."

मग तिची व्याख्यानं सुरू झाली. धर्मपाल सरांनीच पहिल्यांदा अकोल्याला बोलावलं, आमंत्रणात छापलं "अतिथी व्याख्यात्या". तिला ते फार आवडलं. "अतिथी म्हंजे मेहमानच ना?" मी अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथे माझ्या विभागात बोलावलं, विद्यार्थ्यांसमोर तिने माझ्या जर्नलच्या मिशांची गोष्ट सांगितली, त्याचं मी बघून घेईन. मग शाळा, ज्युनिअर कॉलेजं, महिला मंडळं. सगळीकडे तेच: बांडगुळाची फांदी, आमरीची मुळी, एका पोरीला पुढे बोलाव, ओढ म्हण. आणि सगळीकडे कुणीतरी उठून तोच प्रश्न विचारायचा, शेतकरी मरतोय आणि तुम्ही. ती त्याला गंगूबाईचं उत्तर द्यायची, गंगूबाईचं नाव घेऊन.

चांदूरचंही सांगते. आमंत्रण आलं "चांदूर". तिकडच्या लोकांना वाटतं जगात एकच चांदूर आहे. बाई रेल्वेने निघाली आणि चांदूर रेल्वेला उतरली. व्याख्यान होतं चांदूर बाजारला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. फोन लागल्यावर ते कळलं. दुसरी कुणी कपाळाला हात लावून परत गेली असती. निखत स्टेशनवरून चालत पहिल्या दिसलेल्या शाळेत शिरली, मुख्याध्यापिकेला म्हणाली, "मी चांदूरच्या व्याख्यानाले आली," आणि सातवीच्या वर्गाला तासभर सगळं सांगून आली. मुख्याध्यापिकेने आभारही मानले, आपणच बोलावलं असेल असं समजून. त्या वर्गाने नंतर शाळेमागच्या चिंचेवर आमरी शोधून काढली. चांदूर बाजारवाल्यांनी तिला पुन्हा बोलावलं, तेव्हा मोईजने गाडीच्या काचेवर गावाचं नाव चिकटवलं.

आता पाटी.

निखत, तू मला सांगितलंस की शेंदऱ्याखाली एक पत्र्याची पाटी लावायची आहे, अमरावतीत पेंटर चांगले, तू रंगवून आण. मी पत्रा घेतला. मजकूर विचारला तर तू म्हणालीस, "बसते, खात नाई." मी म्हटलं, पाटीवर शास्त्रीय हवं, "अपिवनस्पती" लिहू. तू म्हणालीस, "हे वाचून गंगूबाई मले झाडावरून ढकलंल." मी म्हटलं, निदान खाली वंशाचं नाव. तू म्हणालीस, "वांडा लिहिशील त म्हंजे बांडगूळच लिहिलं ना तू. खुशालराव येऊन हार घालंल पाटीले." मग "नाई" की "नाही" यावर आपण अर्धा तास भांडलो, तुझ्या रिचार्जवर. मी शुद्ध लिहीन म्हटलं. तू म्हणालीस, शुद्ध लिहिलं तर पाटी तुझ्याच घरी ठेव.

ठेवली आहे. पेंटरकडे मी गेले नाही, तूही दुसरा पेंटर शोधला नाहीस. पाटीवाचून शेंदऱ्याचं काही अडलेलं नाही. गंगूबाईचा नातू येणाऱ्या-जाणाऱ्याला मुळी उचलून दाखवतो म्हणे. पत्रा माझ्या गच्चीवरच्या टाकीवर झाकण म्हणून आहे, दोन्ही बाजूंनी कोरा, आणि "नाही" लिहू देणार असशील तर उद्या काढते.